वळणाची पायरी

कप हातातून सुटला तेव्हा बुरूज कशाला तरी हसत होता, म्हणून तो तसाच हसत खाली वाकला आणि म्हणाला, "गेला बिचारा." मेकअपच्या खोलीत बसलेले दोघे-तिघेही हसले. एवढा मोठा माणूस आणि एवढासा कप, टिकायचा कसा, असं कोणीतरी म्हणालं आणि विषय तिथेच मिटला. कप निसटल्याचं बुरुजाला मात्र फरशीवर आवाज झाल्यावर कळलं होतं. बोटांनी काहीच कळवलं नव्हतं.

"भाजलं नाही ना काका?" रंगाऱ्याने विचारलं. रंगारी म्हणजे मेकअपवाला. जन्मभर लोकांचे चेहरे रंगवून त्याला हे नाव पडलं होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

"मला भाजायला बंब लागेल, कपाने काय होतंय," बुरूज म्हणाला आणि उजवा हात मांडीखाली सरकवून बसला.

डाव्या बाहीचं बटण सकाळपासून उघडंच होतं. ते लावायला उजवा हात लागतो. घरी दोनतीनदा प्रयत्न करून त्याने शेवटी दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडून घेतल्या होत्या. लोकांना वाटलं, म्हातारा अजून दंड दाखवतोय. वाटू दे, तेवढंच बरं.

खरं तर दंड दाखवण्यावरच त्याचं आयुष्य उभं राहिलं होतं. तरुणपणी शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत देशभरात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. तो मंचावर आला की बाकीचे उगाच आल्यासारखे दिसायचे. तिथून त्याला सिनेमावाल्यांनी उचललं. पहिल्या सिनेमात त्याचा चेहरा दिसलाच नाही. नायकाच्या अंगावर मांस कमी होतं, म्हणून दार तोडताना, दोर ओढताना पडद्यावर हात आणि पाठ बुरुजाची आणि घामेजलेलं तोंड नायकाचं. मग चेहरा दिसू लागला, पण तो मार खाण्यासाठी. त्याच्या निम्म्या वजनाच्या नायकांनी त्याला पाण्यात फेकलं, जिन्यावरून लोटलं, टेबलावर आपटलं, आणि तो इमानेइतबारे पडत गेला. केस पिकल्यावर त्याला दयाळू म्हाताऱ्यांची कामं मिळू लागली. मधल्या काळात एका प्रकाशकाने त्याच्याकडून एक पुस्तकही लिहून घेतलं. 'छाती पुढे काढून' असं त्याचं नाव. मुखपृष्ठावर मंचावरचा जुना फोटो आणि आत कशालाही न घाबरता कसं जगावं, याचे सल्ले. पुस्तक धो धो खपलं.

ते वाचून सगळ्यात जास्त हसली ती त्याची बायको. कारण तिला माहीत होतं की या माणसाइतकं भित्रं माणूस शोधून सापडायचं नाही. तो लहानपणी अगदी काडीपैलवान होता. त्याला कुत्र्याची भीती, मास्तरांची भीती, आणि सगळ्यात जास्त थोरल्या चुलतभावाची. हा भाऊ जिन्याच्या वळणावर अंधारात दबा धरून बसायचा आणि जाता-येता त्याला गुद्दे घालायचा. वजनं उचलायला लागला तो त्या वळणामुळे. जवळ यायची कोणाची छाती होऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. लोक त्याला बुरूज म्हणायला लागले तेव्हा त्याला मनातल्या मनात हसू आलं होतं. बुरूज कोण बांधतं? ज्याला भीती वाटते तो.

"अहो, सांगितलंत का?" बायकोचा फोन आला तेव्हा तो बाहेर पॅसेजमध्ये गेला.

"सांगतो."

"काल रात्री पण हेच म्हणालात."

"अगं, आत्ता तर आलोय. डायरेक्टर कामात आहे."

"कामात आहे म्हणूनच सांगायचं ना. काम झाल्यावर सांगून काय उपयोग? डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

तो विसरला नव्हता. डॉक्टरांनी मानेचा फोटो उजेडासमोर धरला होता आणि पेन्सिलीच्या टोकाने एक जागा दाखवली होती. "इतकी वर्षं मानेवर-खांद्यावर जे ओझं घेतलंत, त्याने मणके दबलेत. हाताकडे जाणारी नस मधे चिमटलीय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी बधिर होईल, मग पकड जाईल." जाईल म्हणजे, असं बायकोने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कधी असेल, कधी नसेल. भरवसा ठेवायचा नाही. वजन उचलणं बंद. भाजीची पिशवीसुद्धा नाही."

तेव्हापासून पिशवी बायको उचलायची आणि हा डोंगराएवढा माणूस मोकळ्या हाताने तिच्या पुढे चालायचा. भाजीवाल्याने एकदा हटकलंही. ती म्हणाली, "त्यांचे हात सिनेमासाठी राखून ठेवलेत." भाजीवाला हसला, तीही हसली. पण पूर्वी ती घट्ट झाकणाची बरणी घेऊन त्याच्यापुढे यायची, "काढा हो जरा" म्हणायची, ते तिने बंद केलं. आता स्वयंपाकघरातून ओट्यावर झाकण हळूच आपटल्याचा आवाज यायचा, आणि तो बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसायचा. त्या आवाजाची त्याला जेवढी भीती वाटायची तेवढी डॉक्टरांचीही वाटली नव्हती.

"सांगतो म्हटलं ना," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

सांगायचं होतं ते फार मोठं नव्हतं. या सिनेमात तो मुलगा होता आणि त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. घर विकलं गेलेलं असतं. मुलगा आईला दोन्ही हातांवर उचलतो आणि वरच्या मजल्यावरून जिना उतरून शेवटचं खाली आणतो. आज तेवढंच करायचं होतं. दिग्दर्शक तरुण होता, हुशार होता आणि हट्टीही. मधे कुठे कापायचं नाही, दोघांचे चेहरे वरपासून खालपर्यंत दिसले पाहिजेत, असं त्याने पक्कं केलं होतं. सेटवर लाकडी जिना उभा केला होता. डाव्या अंगाला भिंत होती. उजव्या अंगाचा कठडा कॅमेऱ्यासाठी काढून टाकला होता. जिना मधेच वळत होता आणि त्या वळणावरची पायरी आतल्या बाजूला पाचरीसारखी निमुळती झाली होती. खाली सिमेंटची जमीन. गादी टाकली तर ती चित्रात येते, म्हणून गादी नाही.

"बाईंचं डोकं डाव्या हातावर घेतलं तर?" बुरुजाने आदल्या दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. डावा हात शाबूत होता.

"मग चेहरा भिंतीकडे जातो ना काका. उजव्याच हातावर हवं."

म्हणजे डोकं आणि खांदे उजव्या हातावर, आणि तो हात उघड्या बाजूला. रात्रभर त्याला तेवढंच दिसत राहिलं होतं.

आता तो मेकअपच्या खोलीत परतला तर त्याच्या खुर्चीशेजारी बाई येऊन बसल्या होत्या. बाई म्हणजे त्याची सिनेमातली आई. नाटकात जन्म काढलेल्या, ऐंशीच्या घरातल्या, वाळून पानासारख्या झालेल्या. त्यांना सगळेच बाई म्हणत आणि त्या सगळ्यांनाच अरेतुरे करत.

"ये रे बुरूज. हे बघ काय आणलंय." त्यांनी पिशवीतून 'छाती पुढे काढून'ची प्रत काढली. "सुनेने मुद्दाम दिलीय. सही कर."

रंगाऱ्याने तत्परतेने पेन पुढे केलं. बुरुजाने पेनकडे पाहिलं. बोटं सकाळपासून परक्याची असल्यासारखी वागत होती. त्यांनी कागदावर काय उमटवलं असतं कोण जाणे.

"नंतर करतो बाई. आधी काम."

"बरं. तोवर मी वाचते थोडं." त्यांनी चष्मा लावला, मधलंच एक पान उघडलं आणि वाचलं, "'भीती ही पाहुणी आहे. तिला बसायला खुर्ची देऊ नका.' वा. हे तू लिहिलंस?"

"प्रकाशकाने थोडं चढवून लिहिलंय."

"थोडंच?" बाई म्हणाल्या. मग पुस्तक मिटून त्यांनी आवाज खाली आणला. "अरे, मला मात्र भीती वाटते बाबा. मागे बाथरूममध्ये पडले, तेव्हापासून मांडीच्या हाडात स्टीलची पट्टी घातलेली आहे. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा पडलात तर उठायचं विसरा. हे दिग्दर्शक पोरगं म्हणत होतं, लांबून डमी दाखवू. मी विचारलं, उचलणार कोण? त्याने तुझं नाव घेतलं. म्हटलं, मग डमी कशाला? त्याच्या हातावर मी झोपसुद्धा काढीन."

बुरुजाने खुर्ची जरा जवळ ओढली. "बाई, एक सांगायचं होतं."

"सांग की."

त्याने तोंड उघडलं. शब्द तयार होते, रात्रभर घोळवलेले होते. समोर बाईंचा चेहरा होता. त्यात तसूभरही शंका नव्हती, आणि त्या चेहऱ्यावरून तो विश्वास काढून घेणं त्याच्या जिवावर आलं.

"केस घट्ट बांधा," तो म्हणाला. "माझ्या तोंडावर येतील."

तालीम वाळू भरलेल्या पुतळ्याबरोबर झाली. पुतळ्याचं वजन बाईंइतकंच होतं. बुरुजाने तो उचलला, जिना उतरला, वळणाच्या पायरीवर क्षणभर थांबला आणि खालीही पोचला. करंगळी झिणझिणली तेवढीच. त्याला इतकं हायसं वाटलं की पुतळा खाली ठेवताना त्याने त्याचं डोकं थोपटलं. होईल, तो स्वतःशी म्हणाला. एकदाच करायचंय, होऊन जाईल. सांगायची गरजच काय?

आणि तेवढ्यात कॅमेरावाला बोलला. तो बुरुजाशी बोललाच नव्हता, दिग्दर्शकाशी बोलत होता, हळू आवाजात. "काकांना बनियनवर ठेवलंय खरं, पण दंड पार उतरलेत. मी लाईट बाजूने मारतो, म्हणजे थोडे तरी दिसतील."

दुसरा कोणी असता तर त्याने ऐकून सोडून दिलं असतं. बुरुजाला ते कानाखाली बसल्यासारखं झालं. तो खोलीत गेला, दार लोटलं, शर्ट काढला आणि आरशासमोर उभा राहिला. दंडाची कातडी खरंच सैल पडली होती. आरशात एक ओळखीचा म्हातारा उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत तोच जिन्याच्या वळणावर गुद्दे खाणारा पोरगा होता.

मग त्याने जे केलं ते त्याच्या धंद्यातला माणूसच करू जाणे. मंचावर जायच्या आधी शरीरसौष्ठववाले पडद्यामागे भराभर व्यायाम करतात. वजन हलकं घ्यायचं, पण थांबायचं नाही. रक्त दंडांत धावतं, स्नायू फुगतात, शिरा वर येतात आणि पुढची काही मिनिटं माणूस आहे त्याच्या दीडपट दिसतो. स्नायू सगळ्यात भरलेला दिसतो तेव्हाच तो सगळ्यात थकलेला असतो, हे त्यांना माहीत असतं. पण मंचावर कुठे काय उचलायचं असतं? नुसतं उभं राहायचं, दाखवायचं, हसायचं. सिनेमातही तो दर शॉटआधी हेच करत आला होता, आणि तिथे तर नुसता मार खायचा होता. फुगवलेल्या हातांनी खरोखर काही उचलायची वेळ त्याच्यावर उभ्या आयुष्यात आली नव्हती.

बॅगेत नेहमीची छोटी वजनं होती. ती त्याने घेतली. उजव्या हातातून वजन सुटायला लागलं तेव्हा रंगाऱ्याच्या टॉवेलने ते मनगटाला बांधलं आणि चालूच ठेवलं. मग जमिनीवर हात टेकून जोर मारले. मान दुखत होती, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही. दंड तट्ट फुगल्यावर तो आरशात पाहून थांबला. छान दिसत होते.

"वा काका," कॅमेरावाला म्हणाला. "आत्ता कसं."

वरच्या मजल्यावर, म्हणजे जिन्याच्या टोकाला बांधलेल्या एका लाकडी मचाणावर, बाई पलंगावर निजल्या होत्या. बुरुजाने वाकून एक हात गुडघ्यांखाली घातला, दुसरा पाठीखाली, आणि उचललं. बाई हलक्या होत्या. पुतळ्यापेक्षा हलक्या वाटल्या, कारण त्या स्वतः त्याला बिलगून आल्या. त्यांच्या केसांना तेलाचा वास होता. त्याच्या आईच्या केसांनाही येत असे.

"सावकाश रे," त्या पुटपुटल्या. हे वाक्य संहितेत नव्हतं.

कॅमेरा सुरू झाला. सेटवर इतकी शांतता झाली की पायरीचं लाकूड करकरलेलं ऐकू आलं. पहिली पायरी, मग दुसरी. डावा खांदा भिंतीला घासत होता. उजवीकडे उजेडाच्या पलीकडे काळोख होता आणि काळोखात माणसं उभी होती. करंगळी गेली. शेजारचं बोट गेलं. ठीक आहे, ती तर जायचीच होती. आणखी एक पायरी. मग मनगटाच्या आत काहीतरी ओलं कापड पिळल्यासारखं झालं आणि तळहातच नाहीसा झाला. हात दिसत होता, बाईंच्या खांद्याखालून बाहेर आलेला, फुगलेला, शिरा तटतटलेल्या. पण त्यात कोणी नव्हतं.

वळणाची पायरी आली होती.

बाईंचा खांदा त्याच्या हातावरून बोटभर खाली घसरला. मग आणखी थोडा. त्यांचं डोकं उघड्या बाजूला झुकलं. त्याला सिमेंटची जमीन दिसली. आपण इतके घाबरलो आहोत की ओरडताही येणार नाही, हे त्याला स्पष्ट कळलं. मांडीच्या हाडातली पट्टी, उठायचं विसरा, झोपसुद्धा काढीन, सगळं एकदम कानांत वाजायला लागलं.

"बाई," तो ओठ न हलवता म्हणाला, "गळ्याला धरा. माझा हात गेलाय."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पण त्यांचा वाळलेला हात त्याच्या मानेमागून आला आणि नखं कातडीत रुतली. ऐंशीच्या घरातली ती बाई स्वतःचं वजन स्वतःच्या बोटांवर तोलून लोंबकळली. बुरुजाने गर्रकन पाठ भिंतीला लावली, बाईंना पोटाशी ओढलं आणि भिंतीला घासतच तो खाली सरकला. सरकत सरकत त्या निमुळत्या पायरीवर बसला. बाई त्याच्या मांडीत होत्या. दोघांचंही काळीज धडधडत होतं, आणि कोणाचं कुठलं ते कळत नव्हतं.

"कट," दिग्दर्शक ओरडला आणि पळत जिन्याच्या पायथ्याशी आला. त्याचे डोळे चमकत होते. "काका, काय थांबलात. अंगावर काटा आला. पण बसू नका हो, बसल्यावर बाईंचा चेहरा जातो. तेवढं सोडून अगदी असंच. लगेच आणखी एकदा घेऊ."

बुरुजाच्या तोंडात सबबी तयारच होत्या. पाय घसरला. पायरी निमुळती आहे. बनियन अडकलं. जन्मभर ज्या भीतीला त्याने मांसात गुंडाळून ठेवलं होतं ती नेहमीसारखी त्याच्या मदतीला धावून आली होती. त्याने बाईंकडे पाहिलं. त्या आता सांगतील, त्याला वाटलं. सांगू देत. निदान आपल्याला सांगावं लागणार नाही.

बाईंनी विस्कटलेली बट कानामागे सारली. त्या दिग्दर्शकाकडे पाहून म्हणाल्या, "माझं काही नाही. मी तयार आहे."

बुरूज त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांना सगळं कळलेलं होतं. तरीही चारचौघांत त्याची लाज राखायला त्यांनी आपलं हाड पणाला लावलं होतं. त्याने पुन्हा उचललं असतं तर त्या पुन्हा मुकाट्याने त्याच्या हातावर आल्या असत्या, आणि खाली पडेपर्यंत चेहऱ्यावर काही दिसू दिलं नसतं.

त्याला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, आत्ता घसरतानाही नाही.

"मी तयार नाही," तो म्हणाला.

"पाच मिनिटं घ्या ना काका. पाणी प्या."

"पाच मिनिटांनी होणार नाही." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, बारीक, लहान मुलासारखा. "माझ्या हातात ताकद नाही. मानेतली नस गेलीय. डॉक्टरांनी उचलायला बंदी केलीय, काही महिने झाले. मी तुम्हाला सांगितलं नाही. आत्ता बाई पडत होत्या. त्यांनीच मला धरलं, मी त्यांना नाही."

कॅमेरावाल्याने उगाच लेन्स पुसायला घेतली. दिग्दर्शक चिडणार असं बुरुजाला वाटलं, आणि तो चिडलाही. "काका, तुम्ही... अहो, काही झालं असतं म्हणजे?" एवढं म्हणून तो बाजूला गेला आणि एका पेटीवर बसला. बुरूज तसाच पायरीवर बसून होता. बाईंना दोघांनी हात देऊन उठवलं आणि खाली नेलं. जाताना त्यांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली, इतकी हलकी की बाकी कोणाला दिसली नाही.

शेवटी दृश्य दोन तुकड्यांत घ्यायचं ठरलं. चेहरे जवळून, दोघंही स्टुलावर बसलेले. आणि जिना उतरतानाची पाठ आणि हात दुसऱ्याचे, खाली गादी टाकून. मारामारीची कामं करणारा एक दणकट तरुण होता, त्याला बुरुजाचं बनियन दिलं. ते अंगातून काढून देताना बुरुजाला तो पहिला सिनेमा आठवला. तो नायक तेव्हा सेटच्या कोपऱ्यात शाल गुंडाळून बसायचा आणि याचे हात पाहायचा. त्या माणसाला तेव्हा काय वाटत असेल, असं बुरुजाच्या मनात त्या काळी कधी आलं नव्हतं. आज तो शाल मागून घेऊन त्याच कोपऱ्यात बसला.

तरुणाने पुतळा उचलून तालीम केली. धाडधाड उतरला, जसं काही सामान पोचवायचं होतं.

"काका, तुमच्यासारखं होत नाहीये का?" त्याने खालून विचारलं.

बुरूज उठून जिन्यापाशी गेला. "एवढं बिनधास्त नको उतरूस. घाबर."

"मी घाबरत नाही काका. तुमचं पुस्तक दोनदा वाचलंय."

"ते ठेव बाजूला. त्या माणसाच्या हातात त्याची आई आहे. प्रत्येक पायरीवर त्याला वाटतंय, आता पडेल. आधी पायाने पायरी चाचप, मग वजन टाक. वळणावर तर श्वासच घेऊ नकोस. खांदे वर जाऊ देत, मान आखडू दे. हं, असं. घाबरलेल्या माणसाची पाठ अशी दिसते."

तरुणाने केलं. या वेळी दिग्दर्शक पेटीवरून उठून उभा राहिला.

मग खऱ्या बाईंना घेऊन तो उतरला तेव्हा बुरूज कॅमेऱ्याच्या चौकटीच्या जरा बाहेर, गादीच्या कडेला, दोन्ही हात पुढे करून उभा होता. त्या हातांनी काहीही झेलता आलं नसतं हे त्याला ठाऊक होतं. बाई वळणाच्या पायरीवर आल्या आणि त्याने श्वास रोखला. त्या खाली पोचल्या आणि त्यांचे पाय जमिनीला टेकले, तेव्हा कुठे त्याने हात खाली घेतले.

संध्याकाळी मेकअपच्या खोलीत रंगारी ब्रश धूत होता. बुरुजाने शर्ट घातला. बाह्या दुमडल्या नाहीत, डाव्या बाहीचं बटण तसंच लोंबत राहिलं. बायकोला फोन लावला. "सांगितलं," तो म्हणाला. पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला आणि ती म्हणाली, "बरं. या लवकर. एक बरणी उघडत नाहीये, दोघं मिळून बघू."

बाई निघायच्या तयारीत होत्या. पिशवी काखेला लावून त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं. पहिल्या पानावर मुखपृष्ठावरचाच फोटो पुन्हा छापला होता. दंड फुगवलेला, हसणारा, कोणालाच न घाबरणारा.

"आता सही," त्या म्हणाल्या.

त्याने पेन घेतलं. दोन बोटांतून ते घरंगळलं आणि टेबलाखाली गेलं. रंगारी उचलायला वाकला.

"राहू दे," बुरूज म्हणाला. त्याने उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याला अजून सगळं कळत होतं, टेबलाचा गारवासुद्धा. "बाई, अंगठा चालेल?"

"पुस्तकाचा लेखक आणि अंगठाबहाद्दर?"

"आहे ते हे असं आहे."

"चालेल," बाई म्हणाल्या.

रंगाऱ्याने भुवया रंगवायच्या काळ्या रंगाची डबी उघडून पुढे धरली. बुरुजाने अंगठा त्यात बुडवला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि फोटोखाली दाबला. ठसा मोठा आला, जरा वाकडा, पण रेषा न् रेषा उमटली होती. त्याची कड फोटोतल्या छातीवर गेली होती. बाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला. रंग ओला होता, म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं नाही. पिशवीतही टाकलं नाही. ते तसंच उघडं, दोन्ही हातांत आडवं धरून, आधी पायाने जमीन चाचपत त्या सावकाश गाडीकडे निघाल्या, आणि बुरूज मोकळ्या हाताने त्यांच्याबरोबर चालत गेला.